बामाचा वास

दिगंबरनं सासूच्या दारातच डबी उघडली आणि ठिपक्याठिपक्यांचे लाल ढालकिडे आत शिरले. मावा कीड पडलेलं झाड ज्या वासानं या किड्यांना बोलावतं, तो वास लसीतून माणसांच्या अंगात आल्यापासून मार बसलेल्या जागी तो सुटे आणि मार खाल्लेलं माणूस या किड्यांपासून लपत नसे.

"रेवती इथंच आहे."

"शोधा की, जावईबापू," यमुनाबाई म्हणाल्या.

बामालाही तोच वास. तो बाम त्यांनी भिंतींना, पडद्यांना, स्वतःच्या हातांनाही फासला होता. किडे घरभर पांगले. माळ्याकडे एकही फिरकला नाही. दिगंबर शिव्या घालत निघून गेला.

रेवती माळ्यावरून खाली उतरली. यमुनाबाईंनी साबणानं हात पार खांद्यापर्यंत खसखसून धुतले, बामाचा मागमूस ठेवला नाही. किडे उडाले आणि पुन्हा त्यांच्याच दंडावर येऊन बसले.

"आई," रेवती हळूच म्हणाली, "बाबासुद्धा?"