भिंतीपलीकडच्या टाळ्या

हेंद्रेपाड्याच्या चाळीत संशोधनवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली आणि बाळांशी कसं खेळायचं ते शिकवणारी ताई शीलाच्या शेजारच्या मायाला मिळाली. शीलाच्या घरी ताई येणार नव्हती, तुलनेसाठी फक्त वर्षअखेरीस तिच्या लेकीची तपासणी होणार होती. "तिचंच पोर काय सोन्याचं?" शीला नवऱ्यावर फणकारली. मग दर मंगळवारी ती मधल्या भिंतीला कान लावून बसायची. पलीकडे ताई सांगेल तशी लेकीकडून वाट्यांची उतरंड रचून घ्यायची. पण तोंडातून चकार शब्द न काढता, मायाला कळलं तर ती आणखी मिरवेल म्हणून. उतरंड झाली की टाळ्या वाजायच्या, त्याही पलीकडेच. तपासणीच्या दिवशी लेकीनं वाट्या झरझर रचल्या. "हिला हे कोणी शिकवलं?" तपासणीवाल्या मॅडमनी विचारलं. "मीच!" मायाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं शीला म्हणाली. लेकीनं मात्र आईकडे पाहिलंच नाही. टाळ्यांसाठी ती भिंतीला कान लावून बसली होती.