मालतीबाईंचा अंबाडा

अंबाड्याला हात लावायचा नाही, हे मालतीबाईंनी रिक्षातच सुनेला बजावलं होतं. भुवया कर, फेशियल कर, काय ते कर. धाकट्या मुलाची, वरदची हळद चार दिवसांवर आली होती आणि फोटोत सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसायला हव्यात, हा नमिताचा हट्ट. पण अख्ख्या शिरवण्यात एवढा अंबाडा दुसरा नव्हता. एक धाकटी जाऊ जयमाला सोडली तर, आणि तिच्याशी तर पंचवीस वर्षांची चुरस.

पार्लरवाली वैशाली मोठी गोडबोली. केस नुसते धुते म्हणाली, नमिताला बाहेरच्या सोफ्यावर बसवून पडदा ओढला आणि एकेक आकडा काढू लागली. शेवटचा आकडा निघाला तसा अंबाडा तिच्या हातातच आला. गंगावण! खोट्या केसांचा हा भलाथोरला झुपका. डोक्यावर उरली ती करंगळीएवढी शेपटी.

मालतीबाईंनी डोळे गच्च मिटले. शरमेनं मेले कान तापले. सुनेला कळलं की गावाला कळलं, आणि हळदीत जयमाला त्यावर गाणं रचायलाही कमी करायची नाही.

"कुनाला सांगू नको गो पोरी," त्या पुटपुटल्या.

वैशाली हसली नाही. खालच्या आवाजात तिनं समजावलं, की पातळ केस लांब ठेवले तर आणखीच चपटे दिसतात, हनुवटीपर्यंत आणले की छान फुगतात. कपाळावर चार बटा सोडू, काळ्याकुट्ट रंगाऐवजी जरा कॉफी रंग देऊ. मालतीबाईंनी मान हलवली. मग वैशालीनं आधी गंगावणच कचाकच कापून खुर्चीभोवती टाकलं आणि त्यावर खरे केस पाडले. बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालीसुद्धा, "काकी, केवढा भार वाहत होता हो मानेवर."

दोन तासांनी पडदा सरकला. आरशातली बाई चांगली पंचेचाळिशीची दिसत होती. नमिताची नजर मात्र खालच्या ढिगावर खिळली. आपल्या हट्टापायी आईंनी एवढे केस दिले, म्हणून बिचारीचे डोळेच भरून आले. तिनं आईंचा आणि ढिगाचा, दोन्ही फोटो घरच्या ग्रुपवर टाकले.

पाचव्या मिनिटाला जयमालाचा फोन. आता टोमणा ऐकायचा, असं धरूनच मालतीबाईंनी तो कानाला लावला. जयमालानं आधी शोभतंय म्हणून सांगितलं. मग एकदम आवाज खाली आला.

"बाय, ती पार्लरवाली कुनाला काय सांगत तं नाय ना?"

मालतीबाईंनी मोकळ्या मानेवरून हात फिरवला. पोट धरून हसावंसं वाटत होतं, पण समोर सून उभी होती.

"बिनधास ये," त्या म्हणाल्या. "पडदा हाय."