उजव्या कोपऱ्यातले बटण

मंगळवार, अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, सकाळी साडेदहा. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रेसशॉपचे, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे, कॅन्टीन. रंगरावांच्या बोटाखालून फोन पाचव्यांदा निसटला, टेबलावरून वीतभर घसरला आणि चहाच्या कपाला अडून थांबला. पडद्यावर उलगडू लागलेला मेनू पुन्हा मिटला.

“फोन क्लॅम्पमधी धरा, रंगराव,” शेजारी चहा पीत बसलेला रोहिदास म्हणाला. “माल हलला की मापं चुकत्यात.”

दोघेही हसले. निमिषला हसू आले नाही.

या मेनूवर त्याने चार महिने खर्ची घातले होते. रजा मागणे, पाळी बदलून घेणे, यंत्रातला बिघाड कळवणे ही सारी कामे आता कारखान्याच्या संकेतस्थळावरून व्हायची होती, आणि प्रेसशॉपमध्ये चाचणी म्हणून कागदी अर्ज महिन्यापूर्वीच बंद झाले होते. मेनूच्या दोन मांडण्या तयार होत्या. एक त्याची सहकारी ऋता हिची: पडद्याच्या वरच्या अंगाला ठळक अक्षरांतल्या चार ओळी, हव्या त्या ओळीवर बोट टेकवले की काम झाले. निमिषच्या मते ती मांडणी नव्हती, रेशनच्या दुकानावरचा फलक होता. दुसरी त्याची स्वतःची. तिच्यात पडदा स्वच्छ, मोकळा. फक्त खाली, उजव्या कोपऱ्यात, एक गोल बटण. फोन उजव्या हातात धरायचा, त्याच हाताचा अंगठा बटणावर दाबून ठेवायचा, की मेनू पंख्यासारखा उलगडतो. अंगठा न उचलता हव्या त्या शब्दापर्यंत न्यायचा आणि सोडायचा. एक हात, एक हालचाल. त्याच्या हिंजवडीच्या कार्यालयात चौदा जणांनी ती वापरून पाहिली आणि चौदाही जणांना ती पहिल्या खेपेस जमली.

इथे ती सर्वांना जमली नाही. एकेचाळीस कामगारांपैकी सहा जणांच्या नावांपुढे ‘मेनू उघडत नाही’ असा शेरा पडला होता. पस्तीस जणांना जमते ते सहा जणांना का जमू नये, या प्रश्नाने निमिषची झोप उडवली होती. मनुष्यबळ विभागाच्या विजयश्री मॅडम शेरा नेमाने कळवत. कारण कधी कळवत नसत. त्याने बटण मोठे केले. रंग बदलला. शेजारी सूचना लिहिली, मग बाण रेखाटला. सहाचे सहाच राहिले. त्यांतल्या रंगरावांचा रजेचा अर्ज गेलाच नाही, आणि मुलीच्या साखरपुड्याचे दोन दिवस त्यांच्या नावावर गैरहजेरी म्हणून पडले. तेव्हा मालकांनी वाद एका वाक्यात संपवला: मंगळवारी रंगरावांनी मेनू उघडून दाखवला तर निमिषची मांडणी राहील, नाहीतर ऋताची.

आणि रंगराव फोन टेबलावर ठेवून, डाव्या हाताच्या एका बोटाने, तो ढकलत बसले होते.

निमिषने फोन उचलून रोहिदासपुढे केला. रोहिदासने कप खाली ठेवला, फोन उजव्या हातात घेतला, अंगठा दाबला, सरकवला, सोडला. रजेचा अर्ज समोर उघडला. निमिषने समोर वही उघडून बसलेल्या विजयश्री मॅडमकडे पाहिले. दोष मांडणीत नाही, हे त्याला त्यांच्या वहीत लिहून हवे होते. वयाचे कारण सांगू नका, तो म्हणाला. रोहिदास काही विशीतला नाही. सवयीचे म्हणाल, तर हेच काका दिवसभर फोनवर फोटो पाहतात. प्रश्न फक्त सांगितलेले ऐकण्याचा आहे. बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघेतिघे वळून पाहू लागले.

“काका, मी चार वेळा सांगितलं, फोन उजव्या हातात धरा आणि अंगठ्यानं दाबा,” तो म्हणाला. “ह्यात अवघड काय आहे?”

रंगरावांनी उजवा हात जर्किनच्या खिशातून काढला आणि फोनशेजारी ठेवला. गेटवर पास दाखवावा तितक्या सहज ठेवला. त्याला अंगठा नव्हता. शेजारचे बोट अर्ध्यावर संपले होते.

“प्रेसखाली गेला. चौदा सालची गोष्ट,” ते म्हणाले. “बाकी पाच जणांचंबी त्येच हाय.”

विजयश्री मॅडमनी वहीतून मान वर केली. निमिषला हे ठाऊक नव्हते, याचेच त्यांना आश्चर्य वाटले. त्या इथे अकरा वर्षे होत्या; मुद्दाम कळवावे असे त्यात त्यांना काही वाटले नव्हते.

निमिषचा चेहरा उतरला. त्याने माफी मागितली, मग पुन्हा मागितली, आणि लगेच लॅपटॉप उघडला. वाट सापडल्याच्या सुटकेने तो भराभर बोलू लागला. बटण उजवीकडेच हवे असा काही नियम नाही. ते डाव्या कोपऱ्यात नेता येईल. मेनू उलट्या बाजूने उलगडेल, बाकी सारे तसेच राहील. दहा मिनिटांचे काम आहे. चहा संपायच्या आत रंगराव स्वतः उघडून पाहतील.

रंगरावांनी त्याला पुरते बोलू दिले. रोहिदास उजव्या हाताने कप उचलून उरलेला चहा पीत होता.

“ऋताबाईंची चार ओळींची यादीच ठेवा, साहेब,” रंगराव म्हणाले. “डावीकडं नेलंत तर ह्या रोहिदासला जमायचं न्हाई. त्याचा डावा गेलाय.”