लाल ठिपका

"डावीकडे बाबा, डाव्या कोपऱ्यात. उजवीकडे काही नाही."

"फुली उजवीकडेच असते," व्हिडिओ कॉलवर कुनसानहून प्यो इनचुल म्हणाले. "बंदराच्या कचेरीत जन्मभर फुलीच दाबली मी."

"ते आता विसरा. हा मी दिलेला माझा जुना लॅपटॉप आहे, याची प्रणाली वेगळी. लाल ठिपका दाबायचा, की गेली खिडकी."

"आणि मघाची बादुकच्या डावाची खिडकी? मी जिंकत होतो. तू आलीस नि ती पळाली. या खिडक्या एकमेकींच्या मागे लपतात नुसत्या."

"खालच्या पट्टीत बघा, सापडेल." उनजूला हसू आलं.

"मोठ्यानं बोल. डावा कान कामातून गेलाय माझा. जावई कुठाय?"

"डोंगरावर गेलाय, मित्रांबरोबर."

"दर रविवारी डोंगर! बकरी झालाय की काय? बरं, जेवलीस का?"

"जेवले."

ती जेवली नव्हती. आणि नवरा डोंगरावर नव्हता. वसंतातच तो कपड्यांची बॅग भरून गेला होता. तेव्हा आई इस्पितळात होती, म्हणून उनजू कुणाला बोलली नाही. मग आई गेली. नुकतीच बायको गमावलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? सोलच्या त्या घरात ती एकटीच राहत होती.

वडिलांनी ठिपका दाबला. त्यांच्याकडची खिडकी गेली असावी, पण उनजूच्या पडद्यावर कुनसानची खोली तशीच राहिली. तिच्या लक्षात आलं. या प्रणालीत ठिपक्यानं खिडकी जाते, पण मागचं काम चालूच राहतं. फुलीवर वाढलेली सगळी माणसं इथेच फसतात. पुढच्या रविवारी समजावू, असं म्हणून तिने कॉल तोडायला हात पुढे केला.

पण वडील उठून गेले होते आणि समोर रिकामी खुर्ची होती. तिच्यावर आईने विणलेली उशी होती. उनजूने टेबलावर डोकं टेकलं आणि ती लहान पोरीसारखी रडली. "आई, तो गेला गं मला टाकून. एकटी पडले मी."

"अगं, ऐकतेस का?"

आवाज लॅपटॉपमधून आला. उनजूने झटकन डोकं वर केलं.

पडद्याबाहेर कुठेतरी वडील आईच्या फोटोशी बोलत होते. मागे कपबशीचा आवाज येत होता. "तू मुरवलेली किमची संपली बघ. बाजारातली नुसती गोड लागते. आणि परवा न्हाणीघरात पाय घसरला. पोरीला सांगितलं नाही. उगाच धावत येईल."

उनजूने घाईघाईने आपला माइक बंद केला. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. गेलं असतं तर इतक्या शांतपणे किमचीचं रडगाणं गायले असते का?

पुढच्या रविवारी तिने काही समजावलं नाही.

तिने कुनसानच्याच एका दुकानातून किमची पाठवली, आईच्या हातासारखी झणझणीत, नाव न घालता. न्हाणीघरासाठी रबरी चटईही पाठवली. ते पोचल्यावरच्या रविवारी ठिपका दाबून वडील फोटोशी बोलू लागले.

"तूच ना गं? मला वाटलंच होतं. संध्याकाळी तू इथे असतेस. खुर्ची करकरते, पण मी मान वळवत नाही. वळवली तर जाशील."

उनजूच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःची लाजही वाटली. वडिलांसाठी आपण भूत घडवतोय, हे तिला कळत होतं. तरी दर रविवारी ती खुर्चीकडे बघत बसायची. उन्हं कलली की उशी मध्यभागी दबलेली वाटायची. एकदा तर बंद माइकसमोर तीच "हो" म्हणाली, आईसारखी, हळूच.

वडिलांनी हिवाळ्याआधी सोलला यावं, एवढंच तिला हवं होतं. न्हाणीघरात पुन्हा पाय घसरला तर उचलणार कोण? पण विषय काढला की ते म्हणायचे, "तुझी आई इथे आहे." तिनेच घडवलेलं भूत आता त्यांना सोडत नव्हतं.

मग एका रविवारी, ठिपक्यानंतर, ते फोटोला म्हणाले, "पोरगी चल म्हणते. तुला सोडून कसा जाऊ? आता वाढदिवस येतोय माझा. जा म्हणत असशील तर वाढदिवसाचं ते दरवर्षीचं समुद्रशेवाळाचं सूप दारात ठेव. तुझं ते शिंपल्यांचं हं, मांसाचं नको. मग मी समजेन."

वाढदिवशी उनजू पहिल्या बसने निघाली. सुपाचं गरम भांडं तिने मांडीवर धरलं होतं. दारात भांडं ठेवून तिने घंटी वाजवली आणि ती जिन्याच्या वळणावर लपली.

दार उघडलं. वडिलांनी वाकून भांडं उचललं. जिन्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बरं," ते म्हणाले. "बरं, जातो."

उनजूने तोंडावर हात दाबून धरला. आईच्या नावाने आपण खोटं बोललो, हे तिला आत कुठेतरी टोचत राहिलं.

त्यांना न्यायला ती आली तेव्हा सामान बांधून तयार होतं. आईचा फोटो वडिलांनी पिशवीत सगळ्यांत वर ठेवला होता. टेबलावर फक्त लॅपटॉप उरला होता.

"बाबा, घरी पोचायच्या आधी एक सांगायचंय. तो डोंगरावर…"

"राहू दे. बस चुकेल."

"मग हा तरी बंद करते." तिने ठिपक्याकडे बोट नेलं.

वडिलांनी तिचा हात हळूच बाजूला केला. त्यांनी सराईतपणे दोन कळा एकदम दाबल्या. सगळं बंद झालं.

"ठिपक्यानं नुसती खिडकी जाते," ते म्हणाले. "पहिल्याच रविवारी कळलं मला. माझा उजवा कान याच्या बाजूला होता, आणि तू रडत होतीस."