आपले ताट

जाईबाईंच्या डिलाईल रोडवरच्या खानावळीत घरच्या माणसाने आपले ताट आपणच घासायचे आणि पाहुण्याने नुसते हात धुवायचे, असा रिवाज होता. कुडाळहून कायदा शिकायला आलेले हितेंद्र तेव्हा रोज मोरीवर बसत. पुढे वकिलीतून राजकारणात जाऊन ते मंत्री झाले, तेव्हापासून मात्र जाईबाई “साहेब, ऱ्हवांदे,” म्हणत ताट त्यांच्या हातातून काढून घेत.

निवडणूक हरल्यावर आज ते आले होते. आता इथे तरी आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने ते दाराजवळच्याच पाटावर बसले. जाईबाईंनी ताट वाढले. जेवण उरकून ते हळूच निघू लागले, तोच चुलीजवळून आवाज आला, “रे वकिला, ताट काय तुझो पीए घासतलो?”

निकालानंतर हितेंद्र पहिल्यांदाच मोकळेपणी हसले आणि बाह्या सरसावून मोरीवर बसले.