गंजाचा रंग
हर्षलने बनवलेल्या चिमुकल्या मॉडेलमध्ये वाळूच्या पोत्यांआड दोन जवान होते: एक त्याचे शहीद वडील, दुसरे त्यांचे सोबती केवलरामकाका. ऐन गोळीबारात वडिलांची रायफल गंजून अडकली, असं काकांनीच सांगितलं होतं. म्हणून हर्षलने तिच्यावर गंज रंगवला. उद्या मॉडेल भिलाईतल्या माजी सैनिकांपुढे मांडायचं होतं. त्याआधी नजरेखालून घालायला काका जामुलहून आले. "पट्टा बरोबर, पाउच बरोबर," म्हणता म्हणता त्यांनी थिनरचा बोळा उचलला, वडिलांची रायफल लख्ख पुसली आणि ब्रशने गंजाचा रंग दुसऱ्या रायफलीवर चढवला. हर्षल चक्रावला. "काका, काय करून राहिले? ती तर तुमची हाये!" "अटकली ते माहीच. मले वाचवाले तुहा बाप समोर गेला." ब्रश हिसकावावा की काकांचा हात धरावा, हर्षलला कळेना. काका म्हणाले, "खाली दोघायची नावं मोठ्या अक्षरांत लिही. कोनाची अटकली, ते उद्या साऱ्यायले दिसू दे."