नावानं हाक

"चतुराबाई, गाय का इकायलाव?"

दावं सोडता सोडता चतुराबाई थांबली. सारं गाव तिला सटवाची आई म्हणायचं. "माझं नाव ठावं हाय तुमाला?" तिनं माणिकरावांना विचारलं.

माणिकराव दूध सोसायटीचे सचिव. त्यांच्या बोलण्यानं दूध नासतं, असं गाव म्हणायचं. पण परवाच ते बीडहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, माणसांना धीर कसा द्यावा याचं. तिथले साहेब म्हणाले होते, आधी नाव घ्या, मग माणसाचा एखादा गुण सांगा, मग गप्प बसून ऐका. दुष्काळात रोज एखादी गाय बाजाराला चालली होती. आणखी चार-दोन गेल्या की सोसायटीला कुलूपच.

"ही तुमच्याच हाताला पान्हा सोडती. दुसरं कुणी बसलं की लाथ मारती," एवढं बोलून माणिकराव गप्प बसले. चतुराबाई बोलत राहिली, बोलता बोलता रडली. मग तिनं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं.

संध्याकाळपर्यंत अशा चार गाई थांबल्या. एका घरानं तर माणिकरावांना चहाला बसवून घेतलं. असं कधी झालं नव्हतं. दोन गोड शब्दांनी काय होतं ते पन्नाशीत कळावं, याची त्यांना लाज वाटली.

आणि घर आठवलं. दोन वर्षांपूर्वी विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळली, त्यांचा एकुलता एक मुलगा म्हाळू गेला. तेव्हापासून बायको कामापुरतंच बोलायची. जेवण वाढलंय. पाणी संपलंय. ती पुन्हा बोलावी, हवं तर भांडावी, एवढंच त्यांना हवं होतं.

वाटेनं ते तिचे गुण आठवत आले. बोटं पुरेनात.

दारात त्यांनी चप्पल काढली. तोंडाला सवय 'अगं ए'ची; बायकोचं नाव घ्यायची रीत त्या घरात नव्हती. त्यांनी हाक मारली, "वत्सला."

आत भांडं पडलं. ती धावत दारात आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आता कोण गेलं?"

मग माणिकरावांना आठवलं. आजवर त्यांनी तिला नावानं एकदाच हाक मारली होती. विहिरीच्या काठावरून, म्हाळूला वर काढल्यावर.